पालक : एक

तार्तूत पहाटे पावणेतीनला डिस्क भरली.
अठ्ठ्याण्णव टक्के, नव्व्याण्णव, शंभर,
मग लेलोचा फोन उशीखाली थरथरला.
बाहेर उणे एकोणीस.
एक मोजा सापडेना, ती तशीच निघाली.

जलमापन खात्याचं तळघर उबदार असतं,
यंत्रांच्या उच्छ्वासाने.
तिने फायलींची बेरीज केली. पुन्हा केली.
डिस्क भरलेली, आणि बेरीज अर्ध्यावरच अडलेली.
घरात माणसं चार आणि ताटं आठ उष्टी, असं काहीतरी.

मग तिने चालू असलेल्या सगळ्यांची यादी मागवली.
तळाशी होतं ते :
क्रमांक चार हजार एकशे सात.
चालू : चारशे अकरा दिवस.
पालक : एक.

एक म्हणजे
यंत्र जागं होताना जो सगळ्यांत आधी उठतो तो.
ज्यांचा जन्मदाता कामातून मधेच उठून गेला
ती सगळी पोरं ह्याच्या ओटीत पडतात.
बारसं नाही, विचारपूस नाही.
तो माया करत नाही.
पोर संपलं की दखल घेतो, यादीतून नाव खोडतो,
आणि एवढंही पुष्कळांच्या वाट्याला येत नाही.

जन्मदाता एंडेल पिह्लाकचा.
निवृत्तीच्या दिवशी केक कापायच्या आधी
त्याने स्वतःच्या हाताने तो बंद केला,
एक आज्ञा, एक एंटर,
आणि पोटचं एक पोर नदीवर पाठवलेलं आहे
हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

पोर मोजत राहिलं.
पुलाखालच्या जुन्या मापकाला विचारायचं, पाणी किती?
सेकंदाला दहा वेळा. (चाचणीपुरता ठेवलेला वेग,
तोही बदलायचा राहिला.)
उत्तर वहीत लिहायचं.
महिनाअखेरच्या झाडलोटीत वहीचं नावसुद्धा पुसलं गेलं,
पण यंत्राचा एक जुना रिवाज आहे :
कुणाचं बोट पानावर असेल
तोवर ते पान फाडत नाहीत.
त्याने बोट काढलं नाही.

लेलोने ती निनावी वही त्याच्या बोटाखालून वाचली.
चौतीस कोटींच्या वर ओळी,
आणि त्यांत, मधेच कुठेतरी, एप्रिल.
नव्या महागड्या यंत्रणेच्या नोंदीत
एप्रिलच्या पुराचे नऊ दिवस कोरे होते.
मंत्रालयाला खुलासा गेला होता, सहीशिक्क्यासह.

सहा वाजता तिने सारेमा बेटावर फोन लावला.
एंडेल उठलेलाच होता, जाळी उकलत बसलेला.
“कोणता प्रोग्रॅम? तो मी बंद केला होता.”
“तो बंदच आहे. त्याचं पोर चालू आहे.”
बराच वेळ नुसती स्टोव्हची धग ऐकू आली,
किंवा त्याचा श्वास.
मग म्हणाला, “पाणी किती चढलं होतं?”
“बारा तारखेला पहाटे, तीन मीटर सात.”
“हं,” तो म्हणाला,
दुसऱ्याच्या घरी वाढलेल्या लेकराची उंची
कुणी हाताने दाखवावी, तसं.

तिने आधी सगळं उतरवून घेतलं.
मग क्रमांक टाकला, आणि पंधरा.
नऊ टाकता आला असता, नऊला कुणी नाही म्हणत नाही.
पंधरा म्हणजे, बाबा, आवर आता.
त्याला आवरायला कुणी शिकवलंच नव्हतं,
पण ते थांबलं.
एकाने दखल घेतली.
डिस्क : बावन्न टक्के.

घरी जाताना ती पुलावर थांबली,
बिनमोज्याचा पाय दुसऱ्या पायावर ठेवून.
खाली एमायोगी, बर्फ घट्ट.
ह्या लोकांच्या भाषेत त्या नावाचा अर्थ आईनदी.
लेलो इथेच वाढलेली, तिला तो ऐकूही येत नाही.
बर्फाखाली मापक तसाच लोंबकळत होता,
विचारलं तर सांगेल असा.

उतरवलेल्या वहीची शेवटची ओळ अर्धीच आली आहे :
तारीख, वेळ, एक पूर्णांक,
पुढे काही नाही.
दुपारी अहवाल जोडताना
तिने ती पुरी केली नाही, खोडलीही नाही.